चढावर पाय पुढे

“यल्लाप्पा, ते आधी खांद्यावरून खाली घे!”

मी ओरडले तशी चढावरची ती छोटीशी वरात जागीच थांबली. पुढे सदू, मागे यल्लाप्पा आणि मधे स्ट्रेचरवर हर्नियाचं ऑपरेशन झालेले एक गुरुजी. सदूने पुढचे दांडे हातात, कमरेशी धरले होते. यल्लाप्पांनी मात्र मागचे दोन्ही दांडे चक्क खांद्यांवर घेतले होते.

“बाई, चढ हाय,” यल्लाप्पा म्हणाले.

“चढ मलाही दिसतोय. तुझा पाय घसरला तर पेशंट जाईल गडगडत. आणि खांद्यावर काय घेतोस? मढं आहे का ते?”

आजूबाजूचे दोघे-तिघे हसले. मीही जरा खुशीत आले, कारण इतक्या दिवसांत माझ्या विनोदाला पहिल्यांदाच कोणी हसलं होतं. यल्लाप्पांनी दांडे खाली घेतले आणि हात ताणून, वाकून गुरुजींना वर नेलं.

“इथून पुढे असंच,” मी मागून सांगितलं.

“बरं,” ते म्हणाले.

याला आता चाळीस वर्षं झाली. तेव्हा मी सत्तावीसची होते आणि यल्लाप्पा पन्नाशी उलटलेले. तरी मी त्यांना अरे-तुरे करायची. सगळेच करायचे. मिरजेहून भूलशास्त्राची परीक्षा पास होऊन मी कोल्हापूरच्या दक्षिणेला, सीमेलगतच्या एका गावातल्या ट्रस्टच्या दवाखान्यात पहिल्या नोकरीवर आले होते, आणि तिसऱ्याच आठवड्यात मला दवाखान्यातलं सगळं कळायला लागलं होतं. निदान मला तसं वाटत होतं. लोक मला ‘भुलीच्या बाई’ म्हणायचे. त्यात कौतुक किती आणि चेष्टा किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

दवाखाना म्हणजे मूळचं तंबाखूचं गोदाम. ऑपरेशन थिएटर खाली, कारण नळाचं पाणी वर चढायचं नाही. वॉर्ड वर, कारण वारा वरच यायचा. मधे एक लांबलचक दगडी चढ होता. पूर्वी त्यावरून तंबाखूची पोती ओढत नेत, आता आम्ही माणसं नेत होतो. लिफ्टचं नाव काढलं की आमचे सर्जन डॉक्टर पाध्ये खो खो हसत. त्या चढावरून प्रत्येक पेशंट डोकं पुढे करूनच वर जायचा. तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता, लिहायची गरजही नव्हती. त्या भागात पाय पुढे करून फक्त प्रेत नेतात. चढाच्या वरच्या टोकाला नातेवाईक उभे असायचे आणि आपल्या माणसाचं तोंड आधी दिसलं की त्यांचा जीव भांड्यात पडायचा.

गुरुजींनंतर दोनच दिवसांनी मालन आली.

तेवीस-चोवीस वर्षांची, सडपातळ. जीपमधून उतरवली तेव्हाच कागदासारखी पांढरी पडलेली. गर्भ नळीत राहिला होता आणि नळी फुटली होती. पोटात रक्तच रक्त. तिच्याबरोबर तिचे सासरे होते, दौलूतात्या. उंचेपुरे, झुपकेदार मिशांचे, धोतराचा सोगा हातात धरून येरझाऱ्या घालणारे. ते कालव्यावर पाटकरी होते. कोणाच्या शेतात केव्हा आणि किती पाणी सोडायचं ते ठरवणारा माणूस. पाच गावं त्यांना वचकून असायची.

थिएटरच्या दारात त्यांनी मला गाठलं.

“बाई, तुमी भुलीच्या?”

“हो.”

“माझं पोरगं मिल्ट्रीत हाय. तिकडं लडाखला. जाताना म्हनलं, तात्या, मालनला तुमच्या हवाली करून चाललोय. मला द्येव-धरम काय बी सांगू नका. पोरगी वर जित्ती येनार का, तेवढं सांगा.”

“येणार,” मी म्हणाले. सत्ताविसाव्या वर्षी माणूस असं बोलून जातो.

ऑपरेशन चांगलं झालं. पाध्यांचा हात वाऱ्यासारखा चालायचा. गावातल्या दोन तरुणांचं रक्त दिलं, सलाइनं दिली. शेवटचे टाके पडले तशी मी भूल बंद केली आणि तिच्या कानाशी वाकून हाक मारली.

“मालन, डोळे उघड.”

तिने उघडले.

“नाव काय तुझं?”

“मालन.”

मला इतका आनंद झाला की तिला मिठीच मारावीशी वाटली. प्रेशर शंभर, नाडी अठ्ठ्याहत्तर. “चला, वर घ्या,” मी म्हणाले.

सदू पुढे, यल्लाप्पा मागे. मी बाजूने तिच्या मनगटावर बोटं ठेवून. चढाच्या पायथ्याशी यल्लाप्पांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, परवाचं मनात ठेवून बघतायत. मी मान वळवली. त्यांनी दांडे हातातच, खालीच धरले. सांगितलं होतं तसे.

आम्ही चढू लागलो. तिचं डोकं वर वर गेलं, पाय खाली राहिले. वर टोकाला तात्या आणि त्यांच्या मागे गावचे पंधरा-वीस लोक दिसत होते. नाडी संथ होती, आणि ती संथ आहे म्हणून मी निर्धास्त होते.

चढाच्या मध्यावर एक सपाट टप्पा आहे. पूर्वी हमाल तिथे दम खायचे. आम्ही तिथे पोचलो आणि नाडी माझ्या बोटांखालून गेली. धावली नाही, अडखळली नाही, नुसती गेली. मी बोटं जरा सरकवली. काही नाही. गळ्याशी चाचपलं. तिथेही नसल्यातच जमा. मालनचे ओठ पांढरेफटक पडले होते, डोळे अर्धवट मिटले होते.

“मालन! ए मालन!”

माझे पाय तिथेच रुतले. डोक्यात एक म्हणता एक गोष्ट येईना. खाली न्यावं की वर, हेही सुचेना.

“फिरवा!” यल्लाप्पा ओरडले. “सद्या, फिरव! मागं ये तू! डोस्कं खाली घे, एकदम खाली!”

सदू गोंधळला. यल्लाप्पांनी त्याची वाटच बघितली नाही. त्या चार पावलांच्या जागेत त्यांनी स्ट्रेचर गर्रकन फिरवलं. आता मालनचे पाय चढाकडे, डोकं उताराकडे. पायाकडचे दांडे त्यांनी खांद्यांवर घेतले आणि तसेच उभे राहिले.

“बाई, नाडी बगा.”

मी बघितली. एक, दोन, तीन... मी मनात आठापर्यंत मोजलं आणि मग बोटाखाली काहीतरी हललं. बारीक, पण हललं. मग पुन्हा. मालनने एक लांब श्वास घेतला.

“आली,” मी म्हणाले.

“चला मग. असंच.”

आणि ते वर निघाले. मालनचे पाय पुढे करून.

वर पोचताक्षणी जे व्हायचं तेच झालं. तात्यांना सुनेचं तोंड दिसायच्या आधी तिचे तळवे दिसले. त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी पुन्हा कधी ऐकला नाही. मागे बायांनी हंबरडा फोडला. मग मालन कण्हली. ती जिवंत आहे हे कळलं आणि त्या माणसाच्या सगळ्या भीतीचा एका क्षणात राग झाला.

“जित्या मानसाला पाय म्होरं करून आनतोस? माझ्या सुनंला?”

यल्लाप्पांचे दोन्ही हात दांड्यांवर होते. तात्यांचा हात त्यांच्या गालावर पडला, पांढरी टोपी उडून चढावर घरंगळत गेली. स्ट्रेचर तसूभरही हललं नाही. त्यांनी मालनला पलंगाशी नेऊन अलगद ठेवलं, पलंगाच्या पायथ्याखाली दोन विटा सरकवल्या आणि टोपी शोधायला खाली गेले.

मी काय केलं? मी सलाइनचा वेग वाढवला, प्रेशर घेतलं, पुन्हा घेतलं. सगळं करायला हवं होतं ते केलं. फक्त तोंड उघडलं नाही.

अर्ध्या तासाने प्रेशर शंभरावर आलं. तेवढ्यात पाध्ये आले, मला बाजूला घेतलं.

“बाई, बाहेर गाव जमलंय. यल्लाप्पाला उद्यापासून कामावर घेणार नाही असं सांगितलं तेव्हा कुठे शांत झाले.”

“सर...”

“मलाही वाईट वाटतंय. सतरा वर्षं आहे तो इथे. पण काय अवदसा आठवली त्याला? जाऊ दे. तुम्ही पेशंट बघा.”

ते गेले. मी ‘सर’च्या पुढे काही बोलले नाही, हे मला आजही आठवतं, आणि आठवलं की कान गरम होतात.

थोड्या वेळाने सिस्टरना मालनजवळ बसवून मी खाली गेले. यल्लाप्पा चढाच्या पायथ्याशी बसून स्ट्रेचरचं कापड धूत होते. उद्यापासून काम नाही हे त्यांना कळलं होतं. तरी धूत होते.

“यल्लाप्पा, फिरवायचं हे कसं कळलं?”

त्यांनी कापड पिळलं. “सतरा वर्सं वर न्हेतोय की, बाई. चढाला लागलं की काय काय मानसं पांढरी पडत्यात. झोपवलं की लाली येती. डोळं उघडलेलं असत्यात, बोलत बी असत्यात, पर पांढरी पडत्यात. म्हनून मी मागचं टोक खांद्यावर घेतो. तेवढं सपाट ऱ्हातंय.”

मी शेजारच्या दगडावर बसले.

परीक्षेत मला नेमका हाच प्रश्न आला होता. आपण उभं राहिलो की रक्त पायांकडे ओढलं जातं. मानेतल्या रक्तवाहिन्यांना ते लगेच कळतं आणि निरोप जातो: हृदया, जोरात धाव, खालच्या नळ्यांनो, आवळा. निमिषभरात प्रेशर सावरतं. भूल ही सगळी यंत्रणा झोपवते, आणि माणूस डोळे उघडून नाव सांगायला लागला तरी ती बराच वेळ गुंगीतच असते. म्हणून तर मालनची नाडी पळाली नाही. पळायला हवी होती तेव्हा संथ राहिली आणि मी त्या संथपणावर खूश झाले. या उत्तराला मला पैकीच्या पैकी मार्क होते. आणि ते उत्तर खांद्यावर घेऊन जाणाऱ्या माणसाला मी चार लोकांत म्हणाले होते, मढं आहे का ते.

“मला सांगितलं का नाही?”

“तुमी इचारलं कुटं?” ते म्हणाले. त्यात कुरकुर नव्हती, टोमणा नव्हता. “तुमी खाली घे म्हनला. शिकल्याली मानसं, म्हनलं काय तरी असंल.”

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. यल्लाप्पा बिचारे घाबरले. ओला हात पुढे करावा की नको अशा संभ्रमात तसेच बसून राहिले.

डोळे पुसून मी तडक वर गेले. पुन्हा विचार करत बसले असते तर पाय मागे आले असते. तात्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसले होते, भोवती गाव.

“तात्या, तुमच्याशी बोलायचंय.”

“मालन?” ते ताडकन उठले.

“मालन बरी आहे. पाणी मागतेय. तात्या, तुम्ही पाटकरी. उंचावरच्या वाफ्याला पाणी चढत नसेल तर काय करता?”

माझं डोकं फिरलंय की काय असं त्यांनी माझ्याकडे बघितलं. “खालची दारं बंद करायची. वरनं पानी वाढवायचं. त्यात काय!”

“आणि पाटकरी झोपला तर?”

“तर पानी सगळं खालच्या अंगाला जातंय. वरचा वाफा कोरडा.”

“तुमच्या-माझ्या अंगातही असा एक पाटकरी असतो. आपण उठून उभे राहिलो की तो खालची दारं आवळतो आणि डोक्याकडे रक्त चढवतो. भूल दिली की तो झोपतो. मालनने डोळे उघडले, पण तो अजून झोपलेलाच होता. तिला डोकं वर करून चढावर नेलं आणि सगळं रक्त पायांकडे गेलं. मधल्या टप्प्यावर तिची नाडी गेली होती, तात्या.”

“यल्लाप्पांनी पाय वर केले म्हणून ती परत आली. नाहीतर मी तुम्हाला दिलेला शब्द खोटा ठरला असता. आणि चूक माझी होती. ते पायाकडची बाजू खांद्यावर घेऊन सपाट नेतात. मीच परवा त्यांना ते बंद करायला लावलं. तुम्हाला हात उगारायचा असेल तर माझ्यावर उगारा.”

मागून कोणीतरी “आरं तिच्या...” म्हणालं. तात्यांनी हाताने त्याला गप्प केलं. मग आपल्या उजव्या हाताकडे बघितलं, धोतर सावरलं आणि चढ उतरून निघून गेले.

त्या संध्याकाळी मी पाध्यांनाही सगळं सांगितलं. ते चष्मा पुसत म्हणाले, “गावाला दिलेला शब्द मागे कसा घेऊ? पाटकरी काय म्हणतो ते बघू.”

दुसऱ्या दिवशी गावचा बाजार. दवाखान्यात मुंगी शिरायला जागा नव्हती. अकराच्या सुमाराला खाली गलका झाला म्हणून मी धावले. चढाच्या पायथ्याशी तात्या उभे होते, धुवट कपडे, कपाळाला अष्टगंध. आणि शेजारी यल्लाप्पा, चोरासारखे. तात्या त्यांना घरी जाऊन घेऊन आले होते.

“स्ट्रेचर मांड,” तात्या म्हणाले.

“तात्या, आवो...”

“मांड म्हनतो न्हवं!”

यल्लाप्पांनी मांडलं. तात्यांनी पायताण काढलं, फेटा उशाला घेतला आणि त्यावर ताठ आडवे झाले.

“आता उचल. आन वर न्हे. पाय म्होरं करून.”

बाजारातून आलेल्या बाया “अगं बाई!” म्हणून मागे सरल्या. एका म्हाताऱ्याने हात जोडले, “दौलू, आसलं आभद्र करू नगंस रं बाबा.”

“आभद्र काल मी केलं,” तात्या आडव्यानेच म्हणाले. “ह्या मानसानं माझी सून परत आनली आन मी त्याच्या थोबाडीत मारली. पंधरा मानसांदेखत. आता पन्नास मानसांनी बगा. उचल, यल्लाप्पा.”

सदू पुढे होऊन दांड्याला हात घालणार तोच यल्लाप्पांनी माझ्याकडे बघितलं. या वेळी मी मान वळवली नाही.

“खांद्यावर घ्या,” मी म्हणाले. “तुम्हाला ठाऊक आहे कसं ते.”

आणि निघाले ते. पायाकडचे दांडे यल्लाप्पांच्या खांद्यांवर, डोक्याकडे सदू. दौलूतात्या पाटकरी, नव्वद किलोचा जिवंत माणूस, पाय पुढे करून भर बाजाराच्या दिवशी चढ चढत होता. सदू धापा टाकत होता. मधल्या टप्प्यावर त्याने दम खाल्ला तेव्हा तात्या खालून म्हणाले, “काय रं, माझी नाडी गेली का तुजी?” पन्नास माणसं एकदम हसली. काल जिथे मी थिजून उभी होते तिथेच.

वर पोचल्यावर ते उठून बसले, मिशीवरून हात फिरवला.

“बगितलं? जित्ता हाय. आता हितनं म्होरं कुनी पाय म्होरं न्ह्यायला आडवं आलं, तर त्याला माझ्याकडं धाडा.”

मग त्यांनी यल्लाप्पांची टोपी स्वतःच्या हातांनी नीट केली. दोघांचेही डोळे भरले होते आणि दोघंही घाम पुसल्याचं नाटक करत होते. आतून मालन क्षीण आवाजात विचारत होती, “मामंजी, काय झालं वो?”

चढाच्या तोंडाशी पाध्ये उभे होते. “यल्लाप्पा,” ते म्हणाले, “दुपारी हायड्रोसील आहे. वेळेवर या.”

त्या दिवसापासून मीही त्यांना अहो-जाहो करायला लागले. दोन दिवस त्यांनी सोसलं, तिसऱ्या दिवशी हळूच विचारलं, “बाई, माझं काय चुकलं का?” त्यांची समजूत घालता घालता पुरेवाट झाली. पुढची सात वर्षं मी तिथे होते. त्या चढावर एकही माणूस पांढरा पडला नाही. मी रोज यल्लाप्पांना काहीतरी विचारायचे, आणि रोज मला काहीतरी मिळायचं. भूल कशी द्यायची ते मी मिरजेत शिकले. भूल दिलेल्या माणसाला कसं जपायचं ते मला त्यांनी शिकवलं. हे ऋण मी मिरवते, आणि मिरवायला मला बरं वाटतं.

पुढे मी सांगलीला आले. त्या बाजाराच्या दिवसाला एकोणीस-वीस वर्षं लोटल्यावर एका सकाळी मालन माझ्या दवाखान्यात आली. बरोबर तिची कॉलेजातली मुलगी, हातात काकवीचा डबा.

“तात्या गेले,” ती म्हणाली. “श्रावणात. झोपेतच.”

मी तिला जवळ बसवून घेतलं.

“जायच्या आधी महिनाभर सगळ्यांस्नी सांगून ठेवलं हुतं,” ती डोळे पुसत हसली. “म्हनले, पाय म्होरं करून मी एकदा जाऊन आलोय. पुन्यांदा तसं जानार न्हाई. मला डोस्कं म्होरं करून न्या.”

“आणि?”

“भावकी आडून बसली. आसलं कुटं आसतंय व्हय म्हनली. मग यल्लाप्पामामा उठले. सत्तरी उलटलीया आता, कमरंत वाकल्यात. म्हनले, मसनवटीच्या वढ्यापातूर सगळा उतार हाय. उताराला डोस्कं म्होरं, चढाला पाय म्होरं. बाईंनी सांगितलंय.”

“मी?” मी म्हणाले. “अगं, ते मला त्यांनीच...”

“तिरडीचं मागचं टोक मामांनी सवता धरलं,” मालन सांगत होती. “कुनाला देईनात. खांद्यावर घेतलं हुतं, पार वढ्यापातूर. वाटंत पोरं म्हनली, मामा, दमला आसाल, खाली घ्या. तर म्हनले, खाली घेत नसत्यात. मानूस कोन हाय बगा की.”